ही चाल कावून केली?

दिवाळीच्या फटाक्यांचा कचरा झाडून झाला, की भिलाईत गच्च्या जाग्या होतात. उन्हाळाभर जिकडे कोणी फिरकत नाही, ती तापलेल्या सिमेंटची जागा थंडीत अचानक घराचा सगळ्यात चांगला कोपरा होते. चटया वर जातात, सोलायच्या तुरीच्या शेंगा वर जातात, म्हातारी माणसं पाठ शेकायला वर जातात. परवा आईने पांढरी चादर वाळत घातली आणि दुपारी काढताना सवयीने तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला बारीक काळी पूड लागली. "धुतली का नाई धुतली, सारखंच," ती म्हणाली. मी हसले, आणि माझं लक्ष पाण्याच्या टाकीच्या बाजूला गेलं. गेल्या हिवाळ्यात तिथे एक पाट असायचा, पाटावर बुद्धिबळाचा पट, आणि पटाच्या दोन बाजूंना दोन संशयी माणसं. त्यातली एक मी.

तो हिवाळा मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. माझी शाळा हिंदी, मराठी आमची घरापुरती. पण ती गच्ची मराठीतच आठवते, म्हणून मराठीतच लिहिते.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बाबा रेल्वेत आहेत, दुर्गच्या लाइनीवर रुळांची देखभाल करतात, मूळ आमगावकडचे. माझं कॉलेज जवळ पडावं म्हणून त्यांनी क्वार्टर सोडून स्मृति नगरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी त्यांना फोनवर मार्क सांगितले. पलीकडून एक मालगाडी जाईपर्यंत काहीच ऐकू आलं नाही. मग बाबा म्हणाले, "रोल नंबर पाहून घेतला न बेटा? दुसऱ्याचा तर नाई?" आनंद त्यांना झाला होता. पण आमच्याकडे चांगली गोष्ट दाराशी आली, की आधी तिला उभं करून नावगाव विचारतात, मगच आत घेतात. मीही तशीच झाले आहे. कोणी "छान" म्हटलं की मी आधी त्याच्या डोळ्यांत बघते.

खाली घरमालक राहतात, गावंडे काका. अमरावतीकडचे. प्लांटच्या, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्याच्या, टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या हजेऱ्या तपासल्या. ती नजर अजून गेलेली नाही. भाजीवाला वांगी तोलत असला, की काका वांग्यांकडे बघत नाहीत, त्याच्या अंगठ्याकडे बघतात. थंडीत ते पट घेऊन गच्चीवर येत आणि दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. त्यातही एका बाजूवर त्यांचा विश्वास नसे.

एकदा मी कपडे काढायला गेले आणि रेंगाळले.

"येते का तुले?" त्यांनी विचारलं.

"मोबाइलवर खेळते, काका. थोडंथोडं."

"मोबाइलवर!" काकांनी असं तोंड केलं, जसं मी पुस्तक वाचून पोहायला शिकले असं सांगितलं होतं. "बस मंग. पाहू तुह्या मोबाइलनं काय शिकवलं."

पहिल्याच चालीला भांडण. मी प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

"अय, थांब वं. प्यादं एक घर चालते. त्याले काय पंख फुटले?"

मग मी राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्यात लपवला. मोबाइलवर हे रोज करतात. काकांनी चष्मा काढून पुसला. "दोघंही एकाच वेळी उचलले? एका पाळीत दोन हजेऱ्या?" आणि थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचा राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. म्हणे राजाची उडी. शह लागायच्या आधी, आयुष्यात एकदा.

मला वाटलं, काका हरायच्या भीतीने नियम बनवतायत. रात्री जेवताना बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, आमगावलाही असंच खेळत. म्हणजे काका खरं बोलत होते, आणि माझा मोबाइलही. शेवटी तह झाला: नियम मोबाइलचे, पण शह दिला की तोंडाने "शह" म्हणायचं. न बोलता शह देणं काकांच्या लेखी पाकीटमारी होती.

मी हरत गेले. रोज वेगळ्या प्रकारे, पण रोज. मोबाइलवर शिकवणारे खूप होते. 'ही एक युक्ती शिका, कुणालाही हरवा.' ती युक्ती मी शिकले: वजीर लवकर बाहेर काढायचा आणि चारदोन चालींत मात करायची. काकांनी एक प्यादं आडवं घातलं आणि मग माझ्या वजिराला पटभर पळवलं. "वजीर साहेब बाजारात निघाले का? पिशवी आनली का?" गावंडे काकू खाली उतरता उतरता हसल्या. मला रडू आलं होतं, पण मी शालीत नाक पुसलं.

कॉलेजला जाताना नेहरू नगरात कोचिंग क्लासचे मोठमोठे फलक दिसतात. त्यांतल्या दोन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर मी एकाच मुलीचा फोटो पाहिला होता. त्याच दोन वेण्या, तेच हसू. तेव्हापासून पटकन हुशार करून देणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे मी तिरक्या नजरेने बघते. युक्त्यांचे व्हिडिओ मी बंद केले. ते खोटे होते असं म्हणत नाही. ते मला समोरचा माणूस मूर्ख आहे असं धरून खेळायला शिकवत होते, आणि माझ्यासमोर गावंडे काका बसले होते.

खरं काय उपयोगी पडलं ते सांगते. कोणी नवशिका वाचत असेल तर त्याने करून बघावं, माझ्या शब्दावर जाऊ नये.

काका माझ्या प्रत्येक चालीनंतर पुटपुटत, "ही चाल कावून केली?" कावून म्हणजे का. बरेच दिवस मला तो टोमणा वाटे. मग कळलं, ते मला विचारतच नव्हते. ते स्वतःला विचारत होते आणि उत्तर मिळेपर्यंत हात उचलत नव्हते. मी मात्र त्यांनी मोहरा ठेवला न ठेवला तोच माझी ठरलेली चाल खेळून मोकळी होत असे. जसं काही आम्ही दोघं दोन वेगळे डाव खेळत होतो. मी त्यांचा प्रश्न उचलला. त्यांचा घोडा हलला की विचारायचं: हा आता कोणाला धमकावतो? आणि हा जिथून उठला, तिथलं काय उघडं पडलं? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त कामाचा. उत्तर सापडेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली. थंडीत हे सोपंही जातं.

हरलेला डाव मी जिन्यातच उलटा आठवायला लागले. वजीर गेला तिथे डाव हरला असं आधी वाटे. मागे मागे जात गेलं की दिसायचं, वजीर जायच्या बऱ्याच आधी मी कुठलं तरी प्यादं उगाच ढकललं होतं, काय करावं सुचत नव्हतं म्हणून. माझी बहुतेक वाईट कामं काही सुचत नसतानाच झाली आहेत.

मोबाइलवरचे झटपट डाव काढून टाकले. कोडी ठेवली, पण रोज थोडीच, आणि समोरच्याचं शेवटचं उत्तर डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय पडद्याला बोट लावायचं नाही, असं ठरवलं.

आणि शेवटापासून शिकले. पटावर फक्त एक राजा, एक प्यादं आणि समोर दुसरा राजा. एवढंच मांडून मी आईला बसवलं. आई चौथी शिकलेली, तिला खेळ येत नव्हता. मी म्हटलं, "आई, हा तुझा राजा. एकेक घर चालतो. माझं प्यादं पलीकडे पोचायच्या आत पकड." पोळ्यांचं पीठ मळून ठेवून ती बसली. दोनदा प्यादं निसटलं. तिसऱ्यांदा तिने माझ्या राजासमोर आपला राजा असा आणून उभा केला, की मला पुढे सरकताच येईना. "आता जाय न," ती म्हणाली, "जाऊन दाखव." समोरासमोर उभं राहून वाट अडवायची, ही गोष्ट मला आईच्या खेळण्यातून पहिल्यांदा नीट दिसली. तिला त्याचं काही कौतुक नव्हतं. तिला पोळ्या करायच्या होत्या.

डिसेंबर आला. सकाळी धुकं आणि प्लांटच्या चिमण्यांचा धूर एकमेकांत असे मिसळत, की कुठलं कुठे संपतं ते कळत नसे. रस्त्यावर चण्याचे हिरवे बूट, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, विकायला आले, बाजारात तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, भाजी आली. सेमिस्टरची परीक्षा झाली. आणि मी गावंडे काकांना हरवलं.

एकदा हरवलं, दुसऱ्यांदा हरवलं. मग एक हरले, मग लागोपाठ जिंकले.

मला खूप आनंद व्हायला हवा होता. मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार आला: काका मुद्दाम हरतायत.

पुरावे शोधायला लागले की मिळतात. हरताना काका चहा पीत होते. एकदा तर शीळ घालत होते. त्यांचा उंट मी फुकट मारला तेव्हा ते "ठीक आहे" म्हणाले. नुकसान झालेला माणूस असं म्हणतो का? आणि एका दुपारी जिन्यातून वर येताना मी काकूंचा आवाज ऐकला. "जिंकू द्या न पोरीले एखांद्या वेळेस. एवढा अभ्यास करून राहिली." काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मला ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालं होतं.

हे सगळं गंभीर व्हायला आणखी एक कारण होतं. कॉलेजात बुद्धिबळाच्या टीमची निवड होणार होती. टीम बाहेरच्या कॉलेजांशी खेळायला रायपूरला जाणार होती. ज्यांना खेळायचं त्यांनी सोमवारपर्यंत खेळाच्या सरांकडे नाव द्यायचं होतं. मला द्यायचं होतं. त्याआधी मी कधीच कशाला नाव दिलं नव्हतं. गाणं, नाटक, वक्तृत्व, कशालाच नाही. आमच्या घरात नाव सरकारी कामापुरतं द्यायची पद्धत. आणि माझ्याकडे जमा काय, तर एका म्हाताऱ्या माणसाला हरवलेले काही डाव. तेही दयेने मिळाले असतील तर? तिथे शिकवणी लावून खेळणारी मुलं असतील. त्यांच्यासमोर पहिल्या दहा चालींत उघडी पडले, तर पुन्हा कधी कुठे नाव देईन असं मला वाटत नव्हतं.

मी काकांवर पाळत ठेवायला लागले. ते पटाकडे बघत, मी त्यांच्याकडे बघे. आणि एक दिवस मान वर केली तर ते माझ्याकडे बघत होते.

"शाल काढ," काका म्हणाले.

"काय?"

"शाल काढून बाजूले ठेव. फोन कुठी आहे तुहा?"

मला क्षणभर समजलंच नाही. मग कानापर्यंत गरम झालं. "घरात आहे, काका. चार्जिंगला."

"मले काय माहीत? महिनाभरापयले तुले घोडा कसा वाचवावा ते समजत नोहतं. आता मले कोपऱ्यात कोंडून राहिली. असं कसं होते बाप्पा? आजकाल फोन समदं सांगते. मी पेपरात वाचलं."

मी शाल काढली, झटकली आणि कठड्यावर टाकली. थंडी होती. डाव अर्धा टाकून खाली आले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या पोरीले चोर म्हनते? त्याच्याच गच्चीवर त्याले पट फेकून मारला असता मी." मारला नसता. पण म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले. सगळं ऐकून बराच वेळ बूट काढत बसले.

"घरमालक आहे," ते म्हणाले. "मानूस वाईट नाई. इतकी चांगली जागा, तुहं कॉलेज जवळ. उद्या इतवार आहे. जाय, खेळ, अन् हरून ये एकदा. त्याचंही मन राह्यते, आपलंही काम राह्यते. हरल्यानं आपल्याले काय फरक पडते?"

बाबांना वाईट वाटून घ्यायला नको म्हणून मी मान हलवली. पण झोपताना विचार करत राहिले. मुद्दाम हरणं. काका माझ्यासाठी करतायत असा मला जो संशय होता, तेच आता मी त्यांच्यासाठी करणार होते.

रविवारी मी स्वतःच खाली गेले आणि काकूंच्या हातात फोन दिला. काकूंनी तो तांदळाच्या पिंपात टाकला आणि वर झाकण लावलं. "झालं समाधान?" त्या काकांना म्हणाल्या. मी शाल न घेता वर गेले. काकांनीही त्यांची मफलर काढून ठेवली, मला वाटतं बरोबरी म्हणून.

डाव लांबला. ऊन टाकीवरून पाटावर आलं. माझी बाजू बरी होती. त्यांचा घोडा कडेला अडकला होता आणि आणखी दोन चालींत मला तो मिळणार होता. मी ठरवलं, आता. हत्ती उचलला आणि त्यांच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला.

ते एवढं सोपं नसतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वाईट चाली मी शेकड्यांनी केल्या होत्या, पण त्या मला चांगल्या वाटत होत्या म्हणून केल्या होत्या. वाईट आहे हे ठाऊक असताना मोहरा ठेवायचा, तर हात जड होतो. माझी बोटं हत्तीवरून निघेनात. आणि ठेवल्यावर मी पटाकडे बघायचं सोडून लगेच दूर कुणाच्या तरी वाळणाऱ्या साडीकडे बघायला लागले.

काकांनी हत्तीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा हत्तीकडे.

"ही चाल कावून केली?"

या वेळी ते मलाच विचारत होते.

"चुकली, काका."

"चुकली नाई." त्यांचा आवाज चढला. "चुकलेला मानूस तोंड फिरवत नाई. भीक देऊन राहिली का मले? कोनं सांगतलं? तुह्या बापानं?"

मी पुन्हा त्या साडीकडे बघितलं.

"मी समोर बसलो तं खेळाले बसलो. उचल तो हत्ती. नीट खेळ."

"ठेवलेला मोहरा उचलत नाहीत, काका. तुम्हीच..."

"उचल म्हनलं न!"

काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी हत्ती मागे घेतला. मग मी जी चाल आधी बघितली होती ती खेळले. काकांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या कानशिलावर घाम होता, डिसेंबरात. त्यांनी खूप वेळ घेतला. घोडा गेला. मग प्यादी गेली. ते अडवत राहिले, एकेक घर लढवत राहिले, आणि शेवटी मी तोंडाने म्हटलं, "शह." पुढे जायला त्यांच्या राजाला घर नव्हतं.

काका उठले. काकूंनी आणलेला चहा तसाच राहिला. जाताना त्यांचा पाय पाटाला लागला, दोन प्यादी गडगडत टाकीखाली गेली आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. खाली दार इतक्या जोरात लागलं, की शेजारच्या गच्चीवरची बाई उठून बघायला लागली.

काकू म्हणाल्या, "आता दोन दिवस घरात कोनाशी बोलनार नाई. तू नको लावून घेऊ मनाले."

मी मनाला लावून घेत नव्हते. मी टाकीखाली वाकून प्यादी शोधत होते आणि मला हसू येत होतं. आधीच्या सगळ्या डावांतले काका मी पुन्हा आठवून पाहिले. चहा पीत हरलेले, शीळ घालत हरलेले. एकदाही त्यांचा हात मोहऱ्यावर अडकला नव्हता. एकदाही त्यांनी नजर चोरली नव्हती. शीळ बहुतेक राग गिळायची होती.

बाबा दोन दिवस जिन्यातून पाय न वाजवता चढत-उतरत होते. "हरून ये म्हनलं होतं," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "प्रयत्न केला, बाबा. त्यांनी हरू दिलं नाही." बाबा माझ्याकडे बघत राहिले. खरं बोलते आहे की नाही, ते तपासत असावेत.

काका पुन्हा खेळायला लागले, पण संक्रांत होऊन गेल्यावर. आताही खेळतात. बसण्याआधी मी आपली शाल झटकून दाखवते. ते नको म्हणत नाहीत. आमच्यात विश्वास वाढला असं मी म्हणणार नाही. एकमेकांच्या संशयाची ओळख झाली आहे, एवढंच. कधी कधी मला वाटतं, हौशी माणसाला चांगलं खेळायचं असेल तर पुस्तकाआधी, अ‍ॅपआधी असा एक माणूस शोधावा, ज्याला आपण जिंकलेलं खपत नाही. त्याची खुशामत करायची नाही, आपली करून घ्यायची नाही. मग जे मिळेल ते आपलं. हे मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण दुसरं काही याहून खरं सापडलेलं नाही.

त्या डावाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी कॉलेजात गेले. खेळाच्या सरांच्या खोलीत व्हॉलीबॉलची जाळी पसरलेली होती आणि चारपाच मुलं खुर्च्यांवर बसली होती. सगळ्यांची नावं आधीच देऊन झाली असावीत; ती आपापल्या स्पर्धांच्या गोष्टी सांगत होती. मी दारात उभी राहिले. परत फिरावं असं वाटलं, पण तेवढ्यात सरांनी बघितलं.

"चेस के लिए? पहले कहीं खेली हो?"

"नहीं सर."

"कोचिंग?"

"नहीं सर."

"किसी अच्छे खिलाड़ी को हराया है?"

मी खरं तेच सांगायचं ठरवलं. "हाँ सर. हमारे मकान मालिक को."

मुलं हसली. एक तर खुर्चीवरून पुढे वाकून हसला. सरही हसले, पेनचं टोपण तोंडात धरून. म्हणाले, "अच्छा! और हारने के बाद क्या बोले मकान मालिक?"

"कुछ नहीं बोले, सर. चाय छोड़कर चले गए. अभी तक बात नहीं कर रहे."

सरांनी हसणं थांबवलं. टोपण काढून टेबलावर ठेवलं, नावांची यादी पुढे ओढली, आणि माझं पूर्ण नाव विचारलं.